उशीला लागलेली दृष्ट

शिसं ओतून दृष्ट काढणाऱ्या शिसेबाबानं हुकूम सोडला आणि खिडक्या धडाधड बंद झाल्या. खोलीत सगळी गल्ली लोटली होती. सहा वर्षांची पोर चादरीखाली निपचित पडलेली, तिच्या डोक्यावर पाण्याचं पातेलं धरलेलं. बाबानं पळीतलं वितळलेलं शिसं त्यात सोडलं. चर्रकन वाफ उठली. बाहेर काढलेल्या गोळ्याला काटे फुटले होते आणि मधोमध खळगा.

"बघा, डोळा! जळक्या नजरेचा आहे. पाताळातून खेचून काढलाय मी."

बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली.

इतक्या वेळा शिसं ओतूनही पोरीला उतार पडत नव्हता. आधी नुसतं पोट दुखायचं, आता साधे शब्द आठवेनात. परवा दाराकडे बोट करून "ते... आपण उघडतो ना, ते" म्हणत बसली. शिसं बापच आणायचा, जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कारखान्यातून. बाबाच म्हणाला होता, घरचंच शिसं लागतं, तरच गुण येतो.

शेवटी घाबरून आईनं बापालाही घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी पोरीला तपासलं, बापाचं काम, बाबाचे उपाय सगळं विचारून घेतलं आणि बापाला म्हणाल्या, "आता तुम्ही तोंड उघडा बघू." त्याच्या हिरड्यांवर काळसर रेघ होती. रक्त तपासलं, तर दोघांच्याही रक्तात शिसं.

"कामाच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरी येते. त्याच कपड्यांनी तुम्ही हिला उचलून घेता. आणि वर घरात शिसं वितळवता, तेही खिडक्या लावून?"

"मग तो डोळा?" आईनं विचारलं.

"तापलेलं शिसं गार पाण्यात पडलं की तसंच होतं. कुणाच्याही डोक्यावर ओता."

पुढच्या खेपेला आईनं पोरीला मावशीकडे ठेवलं आणि चादरीखाली उशी सरकवली. खिडक्या काही केल्या लावू दिल्या नाहीत. बाबा खरंच सिद्धपुरुष निघाला तर? बाबानं शिसं ओतलं. तेच काटे, तोच खळगा.

"अरेरे, पोरीला फार धरलंय. श्वास बघा कसा अडकलाय."

आईनं चादर ओढली.

मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, उशीला दृष्ट कुणाची लागली? गादीची?" बाबानं पळी उचलून काढता पाय घेतला.

गल्ली पोट धरून हसली. आईला हसू आलं नाही. आता बाप कारखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून येतो; ते कपडे घरच्या धुण्यात पडत नाहीत. लादी ओल्या फडक्यानं पुसली जाते. रक्तातलं शिसं कमी होईल, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण डोक्याचं नुकसान किती झालंय ते आज सांगता येणार नाही. आई रोज दारावर हात ठेवून विचारते, "हे काय गं?" उत्तर येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसतो.

घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं, त्यात लाज नाही. पण असल्या बाबापुढे लेकरू ठेवण्याआधी एकदा उशी ठेवून बघा.