गालातला शेंगदाणा

मंद्रूपच्या बाजारतळामागं पत्र्याची एक लांबलचक शेड होती. त्या मंगळवारी दुपारी तिच्याखाली एकशे बारा माणसं बसली होती. वर आठ पंखे होते, त्यातले पाच फिरत होते. समोर उंच पाट, पाटावर महाराज, महाराजांच्या उजव्या हाताला झाकणाचा पितळी डबा आणि डाव्या हाताला शेंगाचटणीनं शिगोशीग भरलेली दोन घमेली. एकशे बारांपैकी एकवीस जणांनी तोंडाला टॉवेल किंवा पदर लावला होता. पाण्याचा माठ एकच होता, आणि त्याचं तोंड फडक्यानं आवळून बांधलं होतं.

पूनमनं हे सगळं दोनदा मोजलं. एक तर तिला मोजायची सवय होती, आणि दुसरं म्हणजे मोजत बसली नसती तर ती ओरडली असती.

कारण त्या एकविसांत तिचा सख्खा मामा होता.

तात्याबा मामा म्हणजे दीडशे मेंढरांचा धनी. उभं आयुष्य माळावर गेलेलं आणि डाव्या गालात कायम तंबाखूची गोळी. पूनम एम.एस्सी. करून सोलापुरातल्या एका कर्करोग रुग्णालयाच्या संशोधनात कामाला लागली होती. गावोगाव जायचं, विजेरीच्या उजेडात लोकांचे गाल आतून बघायचे, डागांचे फोटो काढायचे आणि अशा फोटोंवरून तोंडाचा कर्करोग किती लवकर ओळखता येतो ते तपासायचं, असं ते काम. मामाच्या गालातली जखम तिलाच सापडली होती. तीन आठवड्यांपूर्वी ती चौदा मिलिमीटर होती. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. "अजून लहान आहे," शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तौहीद म्हणाले होते, "मानेतल्या गाठींत उतरायच्या आत काढून टाकू. आत्ता आले तर बरे व्हायची शक्यता चांगली आहे. फक्त उशीर करू नका."

गुरुवारची तारीख मिळाली होती. म्हणजे परवाची. आणि आज सकाळी मामानं सांगून टाकलं, "मी न्हाय येत."

"का?"

"गाल कापल्यावर शीळ कुटनं घालू? मेंढरं काठीला भ्येत न्हायत पूनम, शिळंवर चालत्यात. चटणीमहाराजाकडं कापाकापी न्हाय. दोनदा जाऊन आलोय. लेप लावला की चटणी खाल्ली तरी आग व्हत न्हाय!"

"आणि घरी आल्यावर?"

"घरला आल्यावर व्हती जरा. महाराज म्हनत्यात रोग भाईर पडतोय."

पूनमनं तिथंच, अंगणात, मामाला तोंड उघडायला लावून पट्टी धरली. अठरा मिलिमीटर. मग ती मामा-मामीच्या मागोमाग इथं आली आणि शेडमध्ये शिरल्यापासून एका जागी बसली नव्हती.

"बोला भक्तांनो!" शिवकुमार नावाचा माईकवाला ओरडला. "डॉक्टर काय कापतो?"

"गाल!"

"महाराज काय कापतात?"

"ताप!"

महाराजांनी हात वर केला. आवाज गोड होता, दाढी काळीभोर. "या लेपात हिमालयातल्या अठ्ठ्याऐंशी मुळ्या आहेत. एकेक मुळी एकेका पेशीच्या कानात जाऊन सांगते, बाई गं, आता शांत हो. हे सायन्सच्या पुढचं सायन्स आहे. सायन्स अजून वाटेत आहे, येईल हळूहळू!"

लोक हसले. पेशीला कान असते तर आपली विद्यापीठातली दोन वर्षं वाचली असती, असं पूनमच्या मनात आलं. पण तिला हसू आलं नाही.

तात्याबाची पाळी आली. महाराजांनी पितळी डब्यातला राखाडी लेप बोटानं घेऊन त्याच्या दोन्ही गालांत, जिभेवर, थेट ओठांपर्यंत चोपडला. "आता जप. आणि पाणी प्यायचं नाही! देव गालात बसतोय, वाहून जाईल." जप लांबला. मग चिमूटभर चटणी जिभेवर. एरवी भाकरीचा पापुद्रा लागला तरी डोळ्यांत पाणी आणणारा तात्याबा ती चटणी मिटक्या मारत खाऊ लागला.

"आग?" महाराजांनी विचारलं.

"अजाबात न्हाय!"

"बोला, चटणीमहाराज की..."

जयजयकार झाला. केराबाई मामीनं डोळे पुसले. पूनमची नजर मात्र मामाच्या टॉवेलवर होती. लेपाचा एक ठिपका तिथं पडला होता. तिनं तो बोटावर घेतला आणि आपल्या खालच्या ओठाला आतून लावला.

थोड्या वेळानं ओठ जड झाला. मग तो तिचा राहिलाच नाही. दातांनी चावून पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा तरी ओठ चावल्यासारखं वाटलं. ही चव, हा जडपणा तिच्या ओळखीचा होता. गेल्या वर्षी अक्कलदाढ काढताना इंजेक्शन टोचायच्या आधी डॉक्टरांनी हिरडीला असंच काहीतरी चोळलं होतं आणि बजावलं होतं, बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ-पिऊ नका, गाल चावून घ्याल.

फडकं बांधलेल्या माठाकडं तिनं पाहिलं आणि ती पुढं झाली.

"महाराज, एक छोटा प्रयोग करू का? तुमच्या लेपात खरंच ताकद असेल तर ती सगळ्यांना दिसेल."

"पोरी, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची नाही. माझ्या मामाच्या गालाची."

"करू दे की!" मागून कुणीतरी म्हणालं. "भ्यायचं काय त्यात?"

"माझं तोंड हाय," तात्याबा म्हणाला. जीभ जड झाल्यानं शब्द लोळत होते. "माझी भाची हाय. कर गं काय करायचं त्ये."

पूनमनं पिशवीतले हातमोजे घातले आणि जीभ दाबून बघायची लाकडी काडी काढली. "मामी, पदरात शेंगदाणे आहेत ना?" केराबाईनं गाठ सोडून एक दिला. पूनमनं टॉवेलच्या काठाचा लांब दोरा ओढून त्याला पक्का बांधला, घशात जाऊ नये म्हणून.

"आधी ज्यानं लेप लावला नाही असा माणूस हवा. शिवकुमारदादा, येता?"

"मी?" शिवकुमार माईकमध्येच बोलला. सगळे हसले, त्यामुळं त्याला यावंच लागलं. डोळ्यांवर टॉवेल बांधला. पूनमनं समजावलं, "मी चार वेळा काडी घालणार. कधी गालात शेंगदाणा ठेवीन, कधी नुसतीच काडी फिरवीन. आत काय आहे ते सांगायचं."

"शेंगदाणा," शिवकुमार म्हणाला. मग, "काय न्हाय. नुस्ती काडी." मग, "शेंगदाणा. दोरा गुदगुल्या करालाय वो!" मग, "न्हाय काय."

चारही बरोबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिवकुमारनं वाकून नमस्कार केला. महाराज हसले नाहीत.

मग नवा शेंगदाणा, नवी काडी आणि डोळ्यांवर टॉवेल बांधलेला तात्याबा.

पहिल्यांदा शेंगदाणा ठेवला. "आत काय आहे मामा?"

"काय न्हाय."

दुसऱ्यांदा नुसती काडी. "काय न्हाय." तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा पूनमनं शेंगदाणा उजव्या, बिनजखमेच्या गालात ठेवला आणि हात मागं घेतला. दोरा तात्याबाच्या ओठावरून हनुवटीपर्यंत लोंबत राहिला.

"बोला मामा. नीट आठवून बोला."

"नीटच बोलतोय की. रिकामं हाय."

 मग केराबाईला राहवलं नाही.

"अवो, दोरा लोंबतोय की तोंडातनं!"

तात्याबानं डोळ्यांवरचा टॉवेल ओढून काढला, चाचपडत दोरा धरला आणि खेचला. शेंगदाणा तळहातावर आला. त्यानं तो बोटानं उलटापालटा करून पाहिला.

"ह्यो... माज्या गालात व्हता?"

"पाहिलंत!" महाराज उभे राहिले. "देव गालात बसला की बाकी सगळं जग विसरतं. हीच समाधी!"

"मग हा देव माणूस घरी पोचायच्या आत उठून का जातो?" पूनमनं विचारलं.  "समाधी नाही ही, महाराज. गाल बधिर झालाय. दाताचे डॉक्टर दाढ काढताना लावतात ती बधिर करायची पेस्ट राखेत कालवली आहे. माझा ओठ अजून जड आहे."

"पेस्ट?" केराबाई पुन्हा पदराची गाठ सोडू लागली. "ह्यी का? मागं उकिरड्यात लई पडल्यात. म्हटलं दात घासायची आसंल, जराशी उरली आसंल तर..."

चेपलेली पांढरी नळी होती. पूनमनं शिवकुमारच्या हातातून माईक घेतला आणि नळीवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "तोंडाची आतली त्वचा बधिर करण्यासाठी. फक्त दंतवैद्यांच्या वापरासाठी."

एकच गलका उठला. एकजण पाटाकडं धावला, दोघांनी त्याला धरलं. "मग गोजरबाई कशी बरी झाली?" पुढच्या रांगेतल्या म्हातारीकडं बोट दाखवून कुणीतरी ओरडलं. महाराजांची ती नेहमीची साक्षीदार होती.

"रुपयाएवढा पांढरा डाग व्हता," गोजरबाई ठामपणे म्हणाली. "ग्येला. म्या खोटं कशाला बोलू?"

"खोटं नाहीच आजी. लेपाशिवाय महाराजांनी आणखी काय सांगितलं होतं?"

"मिश्री सोडाय सांगितली."

"आणि तुम्ही सोडली?"

"आण घातलेली. सोडली न्हाय तर काय!"

"मग त्यानंच गेला असणार. काही डाग तंबाखू, मिश्री सुटली की जातात. म्हणजे तो तुम्ही घालवलात. पण कुठला डाग जाईल आणि कुठला जीव घेईल, हे नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही, महाराजांनाही नाही. त्याला तुकडाच तपासावा लागतो. तुम्हीही एकदा दाखवून घ्या."

मग ती सगळ्यांकडं वळली. "आग होते म्हणजे गाल तुमच्याकडं तक्रार करतोय. यांनी तक्रार बंद केली, रोग तिथंच ठेवला. कुणी म्हणालं आग थांबली, तर विचारा, कशानं थांबली, किती वेळ, आणि जखमेची लांबी-रुंदी कमी झाली का? तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल डाग दिसला, तोंड नीट उघडेना, तर दवाखान्यात दाखवा. लवकर सापडला तर हा रोग बरा होऊ शकतो. इथं येऊन तुम्ही तो 'लवकर'च घालवताय."

बोलून झालं तोवर पाट रिकामा झाला होता. महाराज पितळी डबा काखेत मारून मागच्या वाटेनं पांढऱ्या गाडीत बसले होते. शिवकुमार गाडीत नव्हता, तो आपला माईक गुंडाळत म्हणाला, "ताई, मला खरंच म्हाईत नव्हतं. माझ्या आईला लावलाय वो मी." पूनमनं त्याला रुग्णालयाचा पत्ता दिला. पोलिसांत तक्रार गेली, शेडला कुलूप लागलं. पण ते नंतर. त्या दुपारी, नळी डोळ्यांनी बघूनही, सात जण रांगेत तसेच उभे होते.

तात्याबा शेडबाहेर लिंबाखाली बसला होता. तळहातावर शेंगदाणा. पूनम समोर येरझारा घालत राहिली.

"म्हंजी रोग तितंच हाय?"

"तिथंच. चार मिलिमीटरनं वाढलाय."

तात्याबानं डाव्या गालावर हात ठेवला.

"मामा, मेंढीचं खूर सडलं तर तुमी काय करता?"

"कापतो सडकं त्येवढं."

"कधी?"

"दिसलं की लगीच. वर चढलं मंग मेंढीच जाती."

"आणि तिला दुखू नये म्हणून खुराला काही चोळून कळपात सोडली तर?"

तात्याबानं मान वर केली. "ती चालंल गं. त्याच खुरावर चालंल." मग शेंगदाणा धुळीत टाकला. "शीळ यील का पन?"

हो म्हणणं सोपं होतं. "मला माहीत नाही," पूनम म्हणाली. "डॉक्टर तौहीदांनाही आत्ता सांगता येणार नाही. व्यायाम करावा लागेल, लई दिवस."

"खरं बोललीस," तात्याबा उठत म्हणाला. "त्यो बाबा सगळ्याला व्हय म्हनायचा."

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. जखम भोवतीच्या निरोगी कडेसकट काढली, गालाला मांडीची कातडी लावली. काढलेल्या भागाच्या कडांत रोग सापडला नाही, मानेच्या गाठीही स्वच्छ निघाल्या. पण टाके निघाले तेव्हा तोंड जेमतेम सोळा मिलिमीटर उघडत होतं; निदान पस्तीस तरी उघडायला हवं, असं डॉक्टर तौहीद म्हणाले. मग त्याच लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, थोडा वेळ सोसायचं आणि जमेल तशी एक काडी वाढवायची. तात्याबा माळावर बसून काड्या चावायचा, शिव्या द्यायचा आणि शीळ घालायला बघायचा. नुसती हवा निघायची. "मेंढरं हसत्यात मला," तो फोनवर म्हणायचा. तंबाखूची आठवण आली की केराबाई त्याच्या हातात काडी द्यायची.

मकरसंक्रांतीनंतरच्या तपासणीला बाहेरच्या बाकांवर बरीच गर्दी होती. डॉक्टर तौहीद आत एका रुग्णाशी बोलत असताना बाहेर एकदम लांब, कडक शीळ घुमली. बाकावरचं एक बाळ दचकून रडायला लागलं.

"कोण शीळ घालतंय? दवाखाना आहे हा!" नर्स ओरडली.

"मी न्हाय बाई," तात्याबा म्हणाला, आणि केराबाईनं पदर तोंडाला लावला.

आत त्याला खुर्चीत बसवलं. त्यानं आधी तक्रार केली की काल शेंगाचटणी चाखली तर जीव जाईस्तोवर तिखट लागली. मग सांगितल्याप्रमाणं तोंड उघडलं. डॉक्टर तौहीदांनी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये पट्टी धरली.

"किती, पूनम?"

पूनम वाकली. एकदा वाचलं, पट्टी पुन्हा धरायला लावली, पुन्हा वाचलं.

"पस्तीस मिलिमीटर."