एका शेगडीचं कुटुंब

"ताई, शिजवायचं ते आपल्या घरात शिजवा आणि खायचं ते दार लावून खा," दुकानात गल्ल्यावर बसणारी बाई तिला हळूच म्हणाली होती. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. या गल्ल्यावरच्या बाईला कशाला हव्यात नसत्या उठाठेवी! सरकारी मदतीच्या कार्डावर काय मिळतं नि काय नाही, ते तिला तोंडपाठ होतं. पीठ, डाळ, बटाटे, दूध मिळायचं. साबण नाही, शिजवलेलं गरम काही नाही, आणि शिजवायला लागणारा गॅस तर नाहीच. पदवीपर्यंत शिकलेली बाई, सगळं वाचून मग सही केलेली. फक्त कुटुंब कशाला म्हणायचं, तेवढा भाग तिने वाचला नव्हता. तो कोण वाचतं? घरात ती आणि दोन वर्षांची ठमी. नवरा कामाच्या शोधात गेला होता, तो फोनवरच्या 'बघतो'पुरता उरला होता. लॉन्ड्रीतल्या इस्त्रीचा पगार भाड्यातच गडप व्हायचा.

मग सिलिंडर संपला. घरात पीठ होतं, पण पिठाची काही फक्की मारता येत नाही.

समोरच्या दारात बटणआजी राहायची. जन्मभर शर्टांच्या कारखान्यात बटणं लावलेली. तिची पेन्शन कार्ड मिळण्याइतकी कमी नव्हती आणि औषधं वजा जाता पोट भरण्याइतकी उरत नव्हती. शेगडी होती, वर ठेवायला काही नव्हतं.

"काय गं, ती पदवी भिंतीला टांगलीयस, तिच्यावर पाणी तापतं का?" आजीने दारातूनच विचारलं.

"नाही ना, आजी."

"मग आण ते बटाटे इकडे. माझ्या शेगडीला काम नाही आणि उरलेल्या दातांनाही."

तेव्हापासून दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी. ठमीसाठी आजीने आपल्या दाराच्या कडीला रंगीत बटणांची माळ अडकवली. आजीच्या मांडीवर बसल्याशिवाय ठमी घासाला तोंड उघडेना.

कार्डाच्या तपासणीला आलेले साहेब तसे सभ्य होते. "ओटा अगदी कोरडा दिसतोय. जेवता कुठे?"

"समोरच्या आजींकडे," ती म्हणाली. म्हणाली तीही कौतुकाच्या अपेक्षेने. "आमचं पीठ, त्यांचा गॅस. दोघींचं भागतं."

साहेबांचं पेन थांबलं. "अहो, मग तुम्ही एक कुटुंब झालात. एकत्र शिजवून खातात ते एक कुटुंब, असा नियम आहे. त्यांची पेन्शन तुमच्यात धरली की कार्ड बंद."

ठमीचं दूध त्या कार्डावर येत होतं.

साहेबांनी आवाज खाली आणला. "की मी चुकीचं ऐकलं? जेवण वेगळंच आहे ना?"

समोरच्या उघड्या दारात आजी हातात डाव घेऊन उभी होती.

"वेगळं आहे," ती म्हणाली. "त्या आमच्या कोणी नाहीत."

"असेन कशी!" आजी कडाडली. "माझा गॅस फुकट जाळायला येते ही भवानी. लिहून घ्या साहेब, पुन्हा हिला उंबऱ्याच्या आत घेतलं तर विचारा मला!" आणि दार धाडकन लागलं.

काय झकास वठवलं आजीने, असं तिला वाटलं. हसूसुद्धा आलं. संध्याकाळी तिने बोटानेच दार वाजवलं. "आजी, गेले ते."

"तूही जा. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात कान लावून असते. पोरीचं दूध घालवशील." मग बंद दाराआडूनच, "आणि मी कोणी नाही ना? मग कशाला आलीस?"

यातलं नाटक किती नि खरं किती, ते तिला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. तिने दाराशी पिठाची नि बटाट्यांची पिशवी ठेवली, ती सकाळी तिच्याच उंबऱ्याशी परत आलेली होती. खालची बाई गोड हसून म्हणाली, "देणंघेणं चालू आहे वाटतं अजून? नाही, साहेबांनी लक्ष ठेवायला सांगितलंय, म्हणून विचारलं."

आता ठमी थंड दूध पिते आणि बंद दारासमोर बसून 'आ' करते. तिची आई भिजवलेली डाळ चावते आणि कान समोर लावून असते. शेगडी पेटल्याचा आवाज नाही, वास नाही. आजीचा खोकला तेवढा ऐकू यायचा. आज सकाळपासून तोही नाही. मघाशी तिने दारावर हात उगारला, तेवढ्यात खाली दार करकरलं आणि हात आपला आपण मागे आला.

तुमचं नाव कुठल्या कार्डावर नसेल, तुम्ही कुणाबरोबर जेवता हे कोणी विचारत नसेल, तर तिचं एवढं ऐका. जिना चढून वर या. कडीला बटणांची माळ आहे, ते दार. वाजवा. उत्तर नाही आलं तर जोरात वाजवा, हाका मारा, तोडावं लागलं तर तोडा. आणि आजी बोललीच, तर तिला जरा मोठ्याने बोलायला लावा. समोर ऐकू जाईल असं.