पाण्यालाही डेंगू

मी एक जुनी पेटी आहे. भजनात वाजवतात ती नव्हे, रक्ताचा थेंब तपासणारी. वय विचाराल तर जेमतेम चार वर्षं, पण यंत्रांच्या जगात तेवढ्यात म्हातारपण येतं म्हणे. येऊ दे! माझी नजर अजून शाबूत आहे. मित्रांनो, मला वेडी ठरवणाऱ्यांना आज माझं म्हणणं ऐकावंच लागेल.

माझा जन्म अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर झाला. मानसी नावाच्या इंजिनिअर मुलीने मला जोडलं. माझ्या पोटात बिस्किटाएवढी पारदर्शक चकती सरकवतात. तिच्यात केसाहून बारीक वाटा कोरलेल्या असतात आणि रक्ताचा थेंब त्या वाटांनी आपला आपण चालत जातो. त्यात डेंगूच्या विषाणूचा अंश असला, तर तो एका वळणावर अडकतो. मी काचेच्या खिडकीतून त्या वळणावर जांभळा प्रकाश टाकते. अंश अडकला असेल तर तिथे निळं चमकतं, नसेल तर अंधार. वीस मिनिटांत निकाल लागतो.

मला आंबोलीच्या गावठाणातल्या एका छोट्या दवाखान्यात ठेवलं. रक्त घ्यायचं काम फ्रेडाचं, झाडलोट मालनमावशीची. तीन पावसाळे मी राबले. चर्चच्या आवारात शिबिर झालं तेव्हा लोकांनी माझ्यासोबत फोटो काढले, मीही फुशारले.

यंदाच्या ऑगस्टमध्ये माझे ग्रह फिरले. एका आठवड्यात अकरा जण तपासले आणि अकराही जणांना मी डेंगू सांगितला. बाहेरच्या लॅबने त्यातल्या दोघांनाच डेंगू असल्याचं कळवलं. दवाखान्याचे डॉक्टर अनिरुद्ध संतापले.

"वेडी झालीय ही. टाक कपाटात," ते फ्रेडाला म्हणाले.

मला भयंकर राग आला. मी मनाचं काही सांगितलं नव्हतं. जे दिसलं तेच सांगितलं होतं. पण मला काय दिसतंय, हे विचारायला एकही जण आला नाही.

दहा दिवसांनी, संध्याकाळी, फ्रेडाने मला घाईघाईने बाहेर काढलं. तिचा नवरा डेनिस बाकावर बसला होता. तो विमानतळावर सामान चढवायचं काम करतो, चांगला दांडगा गडी, पण त्या दिवशी तापाने आणि अंगदुखीने कण्हत होता. हातात दुखण्यावरच्या कडक गोळ्यांचं पाकीट होतं.

"थांब रे!" फ्रेडा ओरडली. "डेंगू असला तर ह्या गोळीने आतून रक्त वाहील. लॅबचा रिपोर्ट उद्या येणार."

"उद्यापर्यंत मरू काय मी?" डेनिस म्हणाला.

तिने त्याचा थेंब घातला. मी डेंगू सांगितला. पण माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. मग तिने इतक्या दिवसांत कुणाला सुचलं नाही ते केलं. नवी चकती घेतली आणि रक्ताऐवजी साधं पाणी घातलं.

मी डेंगू सांगितला.

"पाण्याला डेंगू?" फ्रेडाने डोक्याला हात लावला आणि थेट मानसीला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"आतली खिडकी कशाने पुसता?" मानसीने विचारलं.

मालनमावशीने हातातलं फडकं पुढे केलं. पांढरंशुभ्र. "ह्याच फडक्याने. महिना झाला, कपड्यांना झळाळी आणायची पावडर टाकून धुते मी."

"मावशी, ती पावडरच पेटीच्या जांभळ्या प्रकाशात निळी चमकते! खिडकीवर तिचा थर बसलाय," मानसी फोनवरून म्हणाली.

"मग मला कोणी सांगितलं होतं काय गो, हिला पांढरं फडकं चालत नाय म्हणून?" मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. खरंच, कुणीच सांगितलं नव्हतं. मला मावशीचा अभिमान वाटला.

फ्रेडाने मानसीने सांगितलेल्या कागदाने आणि स्पिरिटने खिडकी पुसली. परत पाणी घातलं. अंधार. मावशीने स्वतःहून बोट पुढे केलं. तिच्या रक्तालाही अंधार. मग डेनिसचा थेंब घातला. वीस मिनिटं गेली.

निळं चमकलं. ह्या वेळी पावडर नव्हती, डेंगूच होता.

फ्रेडाने कळवलं तेव्हा डॉक्टर फोनवर म्हणाले, "त्या पेटीचं काय ऐकतेस?"

"ऐकणार, डॉक्टर. तिच्या डोळ्यात घाण आपण घातली होती," फ्रेडा म्हणाली आणि तिने डेनिसच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी लॅबनेही डेंगूच सांगितला. चौथ्या दिवशी डेनिसच्या हिरड्यांतून थोडं रक्त आलं, तेव्हा तो आधीच इस्पितळात होता. ती गोळी पोटात असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनीच तिला सांगितलं. तो सुखरूप घरी आला.

मित्रांनो, माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा, असं मी कधीच म्हणणार नाही. घ्या शंका! पाणी घालून बघा, स्वतःचं रक्त घालून बघा, माझी खिडकी नीट पुसा, आणि जी पुसते तिला आधी नीट समजावून सांगा. पण मला वेडी म्हणून कपाटात टाकू नका. कपाटात मी दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत ताप घेऊन आलेले कितीतरी जण तपासल्यावाचून घरी गेले, आणि त्यांच्या हातात कुठल्या गोळ्या होत्या, ते कुणीच पाहिलं नाही.