मानवेल तो योग

पट्टा तळव्याखाली अडकवायचा आणि दोन्ही टोकं धरून पाय वर उचलायचा, एवढंच होतं. पेंटरने तिसऱ्यांदा पट्टा टाकला. उजव्या हातातलं टोक राहिलं. डाव्या हातातलं निसटून छातीवर पडलं.

"घाई नाही," योगाचे मास्तर म्हणाले. त्यांनी त्याच्या गुडघ्याखाली लाकडी ठोकळा सरकवला, पाठीखाली घोंगडीची घडी, मानेखाली आणखी एक. आसन अगदी ठाकठीक दिसायला लागलं. त्यात पेंटरने स्वतः केलेलं काहीच नव्हतं.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्याच्या मुलीने वहीत काहीतरी लिहिलं.

चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. हात असा, की रेघ मारायला पट्टी लागायची नाही. मग एका बेकरीची पाटी करताना ब्रश बोटांतून गळाला, आणि तपासण्यांचं चक्र सुरू झालं. स्नायू झिजत चालले होते, ते थांबणार नव्हते. शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "मानवेल तो योग करा." आपल्याला वाटेला लावताहेत, हे पेंटरला तिथेच उमगलं. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला. या दुखण्यावर गोळी नाही, हे तिला त्याच्याआधी ठाऊक होतं. तरीही तिने ते वाक्य चिठ्ठीवरच्या औषधासारखं धरलं आणि तीन वर्ग शोधून काढले.

पहिल्या वर्गात गाणी लावून धावपळ. एक आसन जमेपर्यंत बाकीचे चौथ्यावर. "अंकल, मस्त चाललंय," असं शिकवणारी पोरगी म्हणाली, तेव्हा तो उताणा पडला होता. त्या दिवशी घरी येईपर्यंत बापलेक पोट धरून हसले होते. या दुसऱ्या वर्गातून परतताना कोणी हसलं नाही.

"परवा तिसरा बघू," ती म्हणाली. "तिथे सगळं सावकाश असतं म्हणे."

"बघू."

"आधीच नाही म्हणू नका, बाबा."

"बघू म्हटलं की मी."

तिसरा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. उशा-लोडांच्या आधाराने एकेका स्थितीत दहा-दहा मिनिटं पडून राहायचं, बस. मुलगी वही काढून कोपऱ्यात बसू लागली.

"इथे नुसतं बसून राहायचं नाही," बाई म्हणाल्या. "सोबतीला आलेल्यांनीही आडवं व्हायचं."

"मी ठीक आहे."

"असाल. तरी व्हा."

ती त्याच्या शेजारी आडवी झाली. खालून यंत्रांची संथ घरघर येत होती.

थोड्या वेळाने पेंटरचा डावा हात लोडावरून घसरला. तो उचलायला गेला, तर उचलेना. सकाळी निदान एवढा तरी उठत होता. त्याने दोनदा जोर लावला, मग नाद सोडला. हाक मारायला त्याने मान वळवली.

मुलगी गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, कपाळावरच्या आठ्या पार गेलेल्या. तिचं दुकान, स्वयंपाक, त्याची आंघोळ, त्याच्या शर्टाची बटणं, दवाखान्याच्या खेपा. यात ती झोपते कधी, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

बाई पावलं न वाजवता आल्या आणि त्याचा हात उचलून लोडावर ठेवला. तो किती निर्जीव झालाय, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या जवळच टेकल्या.

"खरं सांगू?" त्या कुजबुजल्या. "तुमच्या दुखण्याला याचा काही उपयोग व्हायचा नाही."

"माहीत आहे." त्याने नजरेनेच मुलीकडे दाखवलं. "हिला जरा उशिरा उठवाल?"

बाईंनी उठून तिच्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढला.

रस्त्यावर आल्यावर मुलीने डोळे चोळले. ती ओशाळली होती.

"मला डुलकीच लागली. तुम्हाला काही बरं वाटलं का?"

"हा मानवतो मला," पेंटर म्हणाला. "खांदा हलका वाटतोय."

"खरंच?"

"खरंच. आठवड्यातून तीनदा यायला हवं."

तिने उभ्या उभ्या वहीत लिहून घेतलं आणि बस येतेय का बघायला पुढे गेली. तिची पाठ वळली तेवढ्यात पेंटरने उजव्या हाताने डावा हात मनगटाशी धरला, उचलला, आणि जाकिटाच्या खिशात नीट ठेवून दिला.