इंजेक्शनचे खडे

शलाकाला आठव्या वर्षी टायफॉइड झाला, तेव्हा तिच्या आईने, यशोधराने, तिला उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये दाखल केलं. रोज दोन वेळा सलाइनमधून अँटिबायोटिकचं इंजेक्शन. सातव्या दिवशी ताप उतरला आणि आठव्या दिवशी पोरगी पोट धरून ओरडायला लागली. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. सर्जन म्हणाले, पिशवी काढावी लागेल.

"दुसऱ्या डॉक्टरला विचारू," यशोधराचा नवरा राजरत्न म्हणाला. "एवढ्याशा पोरीला कुठून आले खडे?"

"ती तडफडतेय आणि तुम्हाला डॉक्टर बदलायचेत!" यशोधराने फॉर्मवर सही केली.

ऑपरेशन झालं. तेलकट खाल्लं की शलाकाला अजून जुलाब होतात.

दोन वर्षांनी यशोधरा कात्रपच्या एका मुलांच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. एकदा ती चादर बदलत असताना डॉक्टर वृंदा मॅडम शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या वडिलांना समजावत होत्या.

"हे नेहमीचे खडे नाहीत. इंजेक्शनचं औषध पिशवीत साठलंय. मुलांना होतं कधीकधी. इंजेक्शन बदललंय, महिना-दोन महिन्यांत आपोआप जाईल. ऑपरेशन नको."

यशोधरा चादर हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने शलाकाची फाइल आणली. मॅडमनी शांतपणे पानं उलटली.

"औषध तेच आहे. आणि दाखल केलं त्या दिवशीची सोनोग्राफी साफ होती."

"म्हणजे?"

"थांबून बघायला हवं होतं."

"पिशवी वाचली असती?"

मॅडमनी चष्मा काढला. "बहुतेक."

संध्याकाळी बुवापाड्यातल्या घरी तिने राजरत्नला सगळं सांगितलं. तो ओरडेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याने फक्त विचारलं, "रविवारी जायचं त्या सर्जनकडे?"

दोघं गेले. सर्जनने फाइल उघडलीही नाही. "मुलगी शाळेत जाते ना? ठणठणीत आहे ना? मग आता काय?" पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शलाकाला अजून काही सांगितलेलं नाही. राजरत्नही तो विषय काढत नाही. जेवताना एखाद्या दिवशी यशोधराच म्हणते, "बोला ना मला. तुम्ही म्हणाला होतात तेव्हा, दुसऱ्या डॉक्टरला विचारू. बोला."

तो ताटातलं संपवतो आणि हात धुवायला उठतो.