चार संडासांच्या किल्ल्या

साडेअकरा वाजले तरी एकही बाई जागची उठली नव्हती, आणि तेवढ्यानंच हर्षलसाहेबांना घाम फुटला होता.

"चांदबीताई," ते तिच्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "सकाळपासून कुणीच कसं जात नाहीये?"

"कुठं?"

"संडासला!"

चांदबीनं शेडभर नजर टाकली. दीडशे बाया कांद्याच्या ढिगांपुढं ओळीनं बसल्या होत्या. शेंडा कापायचा, बुडखा कापायचा, साल ओढायची, कांदा क्रेटमध्ये टाकायचा. डोक्यावर नव्या टोप्या, हातात नवे मोजे. शेडच्या टोकाला चार संडास सताड उघडे होते. आत साबण होता, टॉवेल होता, चक्क सुगंधी गोळ्याही होत्या. आणि त्यांच्या समोरच खुर्ची टाकून हॉलंडची मॅडम सकाळी आठपासून बसली होती. मांडीवर वही, पण गेला तासभर तिनं काही लिहिलं नव्हतं. ती नुसती बघत होती.

घोडेगावच्या अलीकडचा हा कारखाना कांदा वाळवून परदेशी पाठवायचा. इतकी वर्षं माल घेणाऱ्या हॉलंडच्या कंपनीला आता कारखान्यातच पैसा घालायचा होता. गेल्या महिन्यात हर्षलसाहेबांनी बायांना गोळा करून समजावलं होतं, "त्यांच्याकडे धंदा वाढायचा थांबलाय, आपल्याकडे धावतोय. म्हणून त्यांचा पैसा इकडे येतोय. आठ महिन्यांचं काम बारा महिने होईल. पण त्यांची एक अट असते. धंदा नीतीनं केलेला पाहिजे."

"नीतीनं म्हंजी काय वो साहेब?" दगडाबाईनं विचारलं होतं.

साहेब जरा अडखळले होते. "म्हणजे... टोप्या, हातमोजे, संडास."

पूर्वी बाया मागच्या उसात जायच्या. मग माल घेणाऱ्यांकडून सुरक्षिततेची अट आली आणि कारखान्याभोवती आठ फुटी भिंत उभी राहिली. ऊस भिंतीपलीकडं राहिला. मग स्वच्छतेची अट आली आणि चार संडास बांधले, फरशीचे, बघत राहावेत असे. ते इतके छान झाले की पाहुणे येईपर्यंत खराब होऊ नयेत म्हणून साहेबांनी त्यांना कुलपं लावली. एकदा साडेबाराला, एकदा साडेतीनला उघडायचं. मधे कुणी गेलं की दहा मिनिटांचा कांदा जातो, हे दुसरं कारण. किल्ल्या सुपरवायझर चांदबीकडं. बायांनी यावर आपला इलाज शोधला. त्यांनी पाणी प्यायचंच सोडलं. वर्ष झालं, आता शरीरालाही तेच वळण पडलं होतं. साहेबांनी आज सगळी तयारी केली होती, फक्त बायांना तहान लागायची सोय करायची राहिली होती.

"पाठवा कुणाला तरी. दोघी-दोघी," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

चांदबी पहिल्या ओळीत दगडाबाईपाशी वाकली. "मावशी, जाऊन ये."

"मला न्हाई लागली."

"तरी जा."

"पानी न्हाई पेले तं यील कुठून? आन आज बरी गं दया आली तुला!"

शेजारच्या दोघी हसल्या. चांदबीचा चेहरा उतरला. पंधरा दिवसांपूर्वी याच दगडाबाईनं अकरा वाजता किल्ली मागितली होती. साडेबारा होऊ दे, असं चांदबी म्हणाली होती. मग थोड्या वेळानं दगडाबाईनं जवळची पाण्याची बादली स्वतःच्या अंगावर ओतून घेतली आणि पाय घसरला म्हणून सांगितलं. साठीची बाई, दोन नातवंडांची आजी. सगळ्यांना खरं वाटलं. चांदबीला वाटलं नव्हतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशीही तिनं अकराला किल्ली दिली नाही. घरी नवरा कमरेनं अंथरुणाला खिळलेला, नगरला लेकीचं, इन्शाचं, नर्सिंगचं दुसरं वर्ष, आणि साहेबांनी पर्मनंट करायचा शब्द दिलेला. लाज वाटून घेणं तिला परवडत नव्हतं, इतकीच गोष्ट.

"मावशी, तुझ्या पाया पडते," चांदबी म्हणाली.

दगडाबाई कुरकुरत उठली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. मग तर वरात निघाली. बाया आत जायच्या, मिनिटभर उगाच उभ्या राहायच्या, साबणानं हात धुवायच्या आणि हातांचा वास घेत बाहेर यायच्या. दहा मिनिटांत बारा जणी झाल्या. मॅडमनं वही मिटली आणि दुभाषी पोरीच्या, रेश्माच्या, कानात काहीतरी सांगितलं.

"काकू, मॅडम ऑफिसात बोलवताहेत," रेश्मा म्हणाली. ती पुण्याची होती, गोड बोलायची. "फक्त तुम्हाला."

ऑफिसला काचेचं दार होतं. दाराबाहेर हर्षलसाहेब मोबाईल कानाला लावून उभे होते, पण बोलत काहीच नव्हते.

"त्या विचारताहेत, तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलात का?"

"व्हय."

"किती?"

चांदबीचा हात सवयीनं गळ्यातल्या दोरीकडं गेला, आणि तिथंच थांबला. सकाळी कुलपं काढली होती, पण किल्ल्या? त्या गळ्यातच होत्या. वर्षभर त्या इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की ना तिला आठवल्या, ना साहेबांना दिसल्या. मॅडमला दिसल्या. चार किल्ल्या, चार दारं. भाषा येत नसली तरी मोजणी सगळ्यांना येते.

मॅडम बराच वेळ सावकाश बोलली. रेश्मानं खाली बघत सांगितलं, "त्या म्हणताहेत, तुम्हाला घाबरवायचं नाहीये. पण ही कारखान्याची पद्धत असेल, तर त्यांची कंपनी इथं पैसे घालणार नाही, मालही घेणार नाही. कुणा एकाची चूक असेल, तर ती दुरुस्त करता येते. कुलपं लावायला कुणी सांगितलं?"

इकडं आड, तिकडं विहीर. साहेबाचं नाव घेतलं की उद्यापासून दीडशे चुली थंड. त्यात दगडाबाईची, त्यात तिची स्वतःची. नाही घेतलं, तर एकटीची. काचेपलीकडून साहेब तिच्याकडं बघत होते. त्या नजरेत हुकूम नव्हता, निव्वळ भीक होती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. हे दोघं आपापला धंदा करून मोकळे होतील. नीती कशी ठेवायची हे ठरवायचं मात्र सहाशे रुपये हजेरीच्या चांदबी शेखनं.

आणि तरी, किल्ली मागितली तेव्हा नाही कोण म्हणालं होतं? साहेब तर तेव्हा शेडमध्येही नव्हते.

"कुनी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "मीच लावते."

रेश्मानं चमकून वर पाहिलं. "काकू, नीट विचार करून सांगा."

"केला. बाया उगा टाइमपास करत्यात, म्हनून मीच लावते. सायबाला म्हाईत न्हाई."

मॅडमनं पुन्हा विचारलं. चांदबीनं पुन्हा तेच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते निम्मं खरं वाटायला लागलं. मग साहेबांना आत बोलावलं. "मला याची अजिबात कल्पना नव्हती," ते म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की चांदबीच बघत राहिली. खोटं बोलताना माणसानं निदान खाली तरी बघावं.

मॅडमची अट तिथंच ठरली. ही बाई उद्यापासून नको, आणि आपली माणसं दर तीन महिन्यांनी न सांगता येऊन बघतील.

बाहेर आल्यावर साहेबांनी तिच्यापुढं हात जोडले. "ताई, तुम्ही कंपनी वाचवलीत. जरा थंड होऊ द्या, मग बघू आपण."

'मग बघू'चा अर्थ चांदबीला चांगला ठाऊक होता. तिनं गळ्यातली दोरी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"माझं ऱ्हाऊ द्या साहेब. कुलपं तेवढी पुन्हा लावू नका. आन तुमी लावली, तं त्या पुन्याच्या पोरीचा नंबर घेतलाय मी."

नंबर तिनं घेतला नव्हता. पण आज खोटं बोलायला जीभ सरावली होती.

साडेपाचला चांदबीच्या गावच्या, सोनईच्या, बाया टेम्पोत चढल्या. बातमी चांदबीच्या आधी टेम्पोत पोचली होती. ती चढली तशा सगळ्या बाहेर बघायला लागल्या. टेम्पो निघाला, फाटा मागं पडला, तेव्हा दगडाबाईनं तोंड उघडलं.

"चांदबी, खरं सांग. सायबाला म्हाईतच नव्हतं? वरीसभर आमाला तूच अडवत हुतीस व्हय?"

चांदबीनं तिच्याकडं पाहिलं. खरं सांगावंसं फार फार वाटलं. पण दीडशे तोंडांत गेलेली गोष्ट तीन महिन्यांनी येणाऱ्या माणसांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो?

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

दगडाबाईनं मांडीवरची डब्याची पिशवी उचलली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. मग समोरचीनंही ठेवली. चांदबी वरच्या दांड्याला धरून उभी राहिली. सोनई यायला अजून वीस मिनिटं होती, आणि रस्ता खड्ड्यांचा होता.