गंगूबाईची जोडनाव

पूर्णेच्या दक्षिण काठावर शेषराव माळ्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, कोथिंबीर, आणि बांधाला झेंडूची एक ओळ. आठवड्याचा बाजार मात्र नदीपलीकडे भरायचा, म्हणून शेषरावाच्या बापाने कधीकाळी एक नाव करून घेतली होती. पावसाळाभर आणि पुढं हिवाळ्याच्या तोंडापर्यंत ती भाजीच्या डालग्या घेऊन ये-जा करायची. नदीचं पाणी उतरलं की नाव काठावर ओढून पालथी घालायची, असा रिवाज.

त्या वर्षी पाऊस लांबला. आश्विन लागला तरी पूर्णा छातीभर वाहत होती आणि ऐन त्याच वेळी नाव गळायला लागली. नुसती झिरपत नव्हती, चांगली गळत होती. पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत तळाची वांगी पाण्यात तरंगायची आणि शेषरावाची बायको गंगूबाई अर्ध्या वाटेत डालग्या सोडून मडक्यानं पाणी उपसत बसायची.

गावचा सुतार जानराव बडनेऱ्याकडं रेल्वेच्या कामाला निघून गेला होता. विलायतेला कापूस मिळेनासा झाला होता म्हणे, त्यामुळं वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. आगगाडीचे रूळ येणार होते, जिकडंतिकडं सुतार, लोहार, गवंडी यांना हाका चालल्या होत्या. गावात रंधा धरणारा माणूस उरला नव्हता.

"जानराव नसला म्हनून काय झालं?" शेषराव म्हणाला. "मी करतो दुरुस्त. नाव म्हंजे काय, लाकूडच तं हाय."

"आन् वांगं म्हंजे काय, झाडच तं हाय," गंगूबाई म्हणाली. "जानराव येऊन लावीन काय तुमची वांगी?"

पण शेषरावाच्या मनानं घेतलं होतं. चार दिवस त्यानं कुणाला नावेजवळ येऊ दिलं नाही. जिथं जिथं फट दिसली तिथं तिथं त्यानं कापूस कोंबला आणि वरून राळ फासली. येणारेजाणारे थांबून बघायचे. "आरं, सोन्याच्या भावाचा कापूस नावेत कोंबून राहिला काय?" कुणी विचारायचं. शेषराव मान वर न करता म्हणायचा, "तुमची सोन्याची नाव हाय काय कुठं?"

दसऱ्याच्या दिवशी नावेला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून त्यानं ती पाण्यात सोडली. काठावर पंधरा-वीस माणसं जमली होती. शेषराव नवं धोतर नेसून नावेत उभा राहिला आणि त्यानं बांबू टेकवून नाव लोटली. दहा हात गेली. मग ती हळूहळू, अगदी सावकाश, खाली बसायला लागली. पाणी शेषरावाच्या घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, तरी तो बांबू धरून समोर बघत उभाच. कमरेएवढ्या पाण्यात नावेनं तळ गाठला. झेंडूची माळ तेवढी वर तरंगत राहिली.

गंगूबाईला हसू आवरेना. ती काठावरच खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसली. शेषराव निथळत वर आला, सरळ मळ्याकडं चालता झाला, आणि पुढचे दोन दिवस त्यानं बायकोशीही धड शब्द काढला नाही.

तिसऱ्या दिवशी तो विहिरीवर मोट शिवत बसला होता. मोटेचं कातडं जुनं झालं होतं. शिवून झाल्यावर त्यानं सवयीनं ती पाण्यानं भरली, दोरीला टांगली आणि कुठून थेंब येतो ते बघायला लागला. गंगूबाई बाजूच्या वाफ्यात खुरपत होती. तिचा हात थांबला.

"आवो, नावेचं असंच केलं तं?"

"कसं?"

"तुमी बाहेरून फटी पाहत होते. दिसल्या तेवढ्या बुजवल्या. नाव काठावर उचलून ठेवू आन् आतून पानी भरू. जिथून थेंब येईन तिथं भोक."

शेषरावानं मोटेखाली बोट धरून एक थेंब टिपला. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला. "मले कावून नाई सुचलं हे? जलम गेला मोटा शिवता शिवता."

चौघांना बोलावून त्यांनी नाव पाण्यातून ओढून काढली आणि दगडांच्या चार थप्प्यांवर ठेवली, खाली माणूस सरपटत जाईल एवढी उंच. घागरींमागून घागरी ओतल्या. गंगूबाई गेरूचा खडा घेऊन नावेखाली शिरली. पहिले थेंब तिच्या कपाळावरच पडले.

"हा एक!" ती खालून ओरडली. "हा दुसरा! आवो, खिळ्याखिळ्यातून गळून राहिलं!"

ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड, केस, लुगडं सगळं गेरूनं लाल झालं होतं आणि नावेच्या तळावर सतरा खुणा होत्या. शेषरावानं बुजवलेल्या एकाही फटीतून गळत नव्हतं. हे तिनं त्याला मुद्दाम दाखवलं.

"तुमचं काम पक्कं हाय," ती म्हणाली. "फकत जिथं भोक नोतं तिथं केलं."

मग काम खरं सुरू झालं. नाव चांगली आठ दिवस उन्हात वाळू दिली. गंजलेले खिळे उपटून नवे ठोकले. एक फळी पार भुसभुशीत झाली होती, ती काढून रखवालीच्या जुन्या मचाणाची सागवानी फळी बसवली. ती फळी वाकेना. गंगूबाईनं तिच्यावर पोतं टाकून दिवसभर कढत पाणी ओतलं, दोन्ही टोकांना जात्याचे दगड ठेवले, आणि संध्याकाळपर्यंत फळीनं मान तुकवली. अंबाडीचे तंतू वळून, जवसाच्या तेलात उकळलेल्या राळेत भिजवून, बोथट छिन्नीनं ते एकेका सांध्यात ठोकले. राळ तिनं कणकेसारखी मळली. घरभर तो वास महिनाभर राहिला आणि शेषराव म्हणायचा, भाकरीलाही येतो.

पुन्हा पाणी भरलं तेव्हा ती नावेखाली बराच वेळ पडून राहिली. एक थेंब आला नाही. तिला तिथून उठावंसंच वाटेना.

नाव पाण्यात पडून चार दिवस झाले नसतील तोच पलीकडचे खुशालराव पाटील तीत बसून आले. उत्तर काठावर त्यांची काळी जमीन होती, नदीला लागून. माणूस अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम.

"शेषराव भाऊ, माही वेचनी सुरू झाली," ते म्हणाले. "अकोल्याले गाड्या न्यायच्या हायेत आन् नदी उतार देऊन नाई राहिली. खालच्या अंगानं फिरून जायचं म्हनलं तं चार दिवसांचा वळसा. तुमच्या नावेत कापूस जाईन काय?"

"कापूस जाईन, पाटील," शेषराव म्हणाला. "पन गाडी कशी जाईन? गठुडी करून न्या, इकडं दुसऱ्या गाड्या पाहा, पुन्हा भरा. हप्ता जाईन त्यात."

गंगूबाईही काठावर येऊन बसली आणि तिघं पाण्याचा अंदाज घेऊ लागले. शेजारच्या शेतात कुणीतरी औत जुंपत होतं. शेषराव तिकडं बघत होता आणि एकाएकी त्यानं मांडीवर थाप मारली.

"एका बैलाच्यानं होत नाई तं आपन काय करतो? दुसरा आनतो आन् जू टाकतो. पाटील, तुमच्या गोठ्यात तो डोंगा पडला हाय ना, तुमच्या आज्याच्या वेळचा?"

डोंगा म्हणजे मोहाचं एकच खोड कोरून केलेला, लांबलचक, बुटका. खुशालरावांच्या वडिलांच्या वेळेपासून त्यात गुरांना सरकी घालत होते. तो ओढून आणला, धुतला, गंगूबाईनं त्यालाही पाणी भरून पाहिलं. डोंगा नि नाव पाण्यात शेजारी शेजारी ठेवून मधे दोन हातांची जागा सोडली, वर बाभळीच्या तीन आडव्या तुळया टाकून अंबाडीच्या दोरांनी करकचून बांधल्या. डोंगा बुटका असल्यामुळं त्या बाजूला लाकडी ठोकळे देऊन उंची बरोबर करावी लागली. तुळयांवर बांबूचा तट्टा घट्ट बसवला. शेषराव त्यावर आधी चालला, मग नाचला, मग त्यानं खुशालरावांना नाचायला लावलं. तट्टा कुरकुरला, पण तुटला नाही.

पहिली गाडी न्यायच्या दिवशी दोन्ही काठांवर जत्रा भरल्यासारखी माणसं होती. कापसानं फुगलेली, तट्ट्यांनी बांधलेली गाडी दहा जणांनी ढकलत जोडनावेवर चढवली आणि चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना दगडांची उटी दिली. बैल सोडून पाण्यात घातले, ते पुढं पोहत निघाले. शेषरावानं एक बांबू धरला, खुशालरावांच्या गड्यानं दुसरा. खुशालराव गाडीपाशी डोंग्याच्या बाजूनं उभे, गंगूबाई नावेच्या टोकाला.

नदीच्या मध्यावर ओढ लागली. गाडी डोंग्याकडं बोटभर सरकली, आणि डोंगा खाली दबला. त्याच्या काठावरून पाणी आत यायला लागलं.  शेषराव बांबू टाकून गाडी धरायला निघाला.

"बांबू सोडू नका!" गंगूबाई ओरडली. "पाटील, तुमी इकडं या! माह्याकडं या, नावेवर!"

"गाडी सोडून?"

"गाडीले तुमचंच ओझं झालं! या ना लवकर!"

खुशालराव गाडीच्या पुढून चार पावलांत इकडं आले आणि नावेच्या काठावर धप्पकन बसले. नाव खाली गेली, डोंगा वर उचलला गेला, आणि तट्टा पुन्हा सपाट झाला. गंगूबाई मडकं घेऊन डोंग्यात उतरली आणि पाणी उपसायला लागली.

"हलू नका बरं पाटील," ती म्हणाली.

"श्वास तरी घेऊ काय वयनी?"

"हळूच घ्या."

शेषराव हसला आणि त्याच्या हातांत जोर आला. थोड्याच वेळात बांबूला घट्ट वाळू लागली आणि जोडनाव दक्षिण काठाला टेकली. बैल आधीच वर जाऊन अंग झाडत उभे होते. ओरडा असा झाला की झाडांवरचे सगळे बगळे उठले. खुशालराव उतरेचनात. "आजपावेतो घरचे मले जाड म्हनून बोलत होते," ते सगळ्यांना ऐकवत होते, "आज माह्या वजनानं कापूस तरला!"

पुढच्या खेपांना त्यांनी डोंग्याची बाजू आणखी उंच केली आणि गाडी नावेकडं थोडी सरकवून ठेवायला लागले. दुसऱ्या खेपेपासून शेषरावाचा बांबू गंगूबाईनं घेतला. कुणी काही म्हणालं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं. पाण्याचा जोर बांबूतून सरळ खांद्यात येत होता आणि आपण लोटलं की एवढा मोठा कापसाचा डोंगर खरोखर पुढं सरकतो, याचं तिला प्रत्येक वेळी नवल वाटत होतं. दुपार कलेपर्यंत सात गाड्या पार झाल्या.

शेवटची गाडी उतरवून गंगूबाई आणि गडी रिकामी जोडनाव घेऊन उत्तर काठाला गेले. दक्षिण काठावरच्या भुकेल्या माणसांसाठी खुशालरावांची बायको कौशल्या तिथं भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. सोबत वेचणीवरच्या सहा-सात बाया. टोपली तट्ट्यावर ठेवून ती तिथंच घुटमळली.

"गंगूबाई, माहं लगीन होऊन बारा वर्सं झाली. नदी माह्या दारात हाय. पन पान्यावरून कधी कुठं गेले नाई. माहेर बी याच काठाले." तिनं पदर सारखा केला. "कामाबिगर कोनाले बसवता काय तुमी नावेत?"

गंगूबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्यामागं उभ्या बायांकडं. "बसा," ती म्हणाली. "साऱ्या जनी बसा. मधोमध बसा फकत."

बाया एकमेकींचे हात धरून, किंचाळत, हसत चढल्या. गंगूबाईनं बांबू रोवला आणि जोडनाव पलीकडं न नेता वरच्या अंगाला, वळणाकडं वळवली, जिथं पाणी संथ होतं. कौशल्यानं काठाशी वाकून हात पाण्यात सोडला. कुणीतरी माहेरी पोरींनी मिळून म्हणायचं भुलाईचं गाणं सुरू केलं आणि बाकीच्यांनी ते उचललं.

"अवो!" दक्षिण काठावरून शेषरावाचा आवाज आला. "कुठी चालल्या तुमी? आमी उपाशी हावो ना!"

"भाकर हाय माह्या जवळ!" कौशल्या ओरडली. आयुष्यात ती एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. "येतो एक चक्कर मारून!"

काठावर खुशालराव तोंडाला हात लावून उभेच राहिले. गंगूबाईनं बांबूवर भार दिला. वळणापुढं नदी रुंद होती, ऊन तिरपं झालं होतं, आणि तिला घाई अजिबात नव्हती.